नाव घातलेला नळ

तोंडवळकरांच्या घरात पाणी पिता पिता वाचन होतं. तांब्यावर 'कै. गंगाराम यांचे स्मरणार्थ' असतं, फुलपात्रावर 'चि. सुयोग यास बारशानिमित्त आत्याकडून' असतं, आणि रोजचं दूध ज्या पातेल्यात तापतं त्यावर चारकोपमधल्याच एका भजनी मंडळाचं नाव आहे. ते पातेलं घरात कसं आलं हा विषय काढायचा नसतो. चेतना लग्न होऊन या घरात आली तेव्हा सुरुवातीला तिला वाटायचं, आपण सासरी आलो नाही, एखाद्या स्मारकात राहायला आलोय. सकाळी अर्धवट झोपेत चहा गाळायला घ्यावा, तर गाळण्याच्या दांड्यावर कुणीतरी गेलेला माणूस भेटायचा.

याला कारण सासूबाई. वनमालाबाईंचा नियम असा होता की ज्या भांड्याला नाव नाही ते भांडं आपलं नाही, ते फक्त सध्या आपल्याकडे आहे. नियम अगदीच हवेतला नव्हता. चारकोपच्या सेक्टरातल्या त्या सोसायटीत बैठी घरं एकमेकांना खांदे लावून उभी होती आणि वस्तूंना दारं उंबरे फारसे ठाऊक नव्हते. कुणाकडे बारसं निघालं की पातेली निघायची, कुणाकडे पूजा निघाली की परात निघायची. जी नाव घालून गेली ती परत यायची. जी तशीच गेली ती नव्या घरी रुळायची, आणि पुढे कधी रस्त्यात भेटली तर ओळख देत नसत.

एवढ्या सगळ्या अक्षरांत चेतनाचं नाव कुठेही नव्हतं. तिच्या वडिलांनी लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलं होतं. ही ओळ महाराष्ट्रात आजवर कुणी मनावर घेतलेली नाही, पण त्या एका लग्नात का कुणास ठाऊक, सगळ्यांनी घेतली. सुयोगचं नाव चमच्यांवरही होतं. चेतनाचं वाटीवरसुद्धा नव्हतं.

भांड्यांचं तिला तसं काही नव्हतं. तिला सलायचं ते वेगळंच. या घरातली एकही वस्तू तिने पसंत केलेली नव्हती. पडदे आत्याचे, सोफा सासऱ्यांची मिल बंद पडली तेव्हा कुणाच्या तरी ऑफिसातून आलेला, घड्याळ बँकेचं. पाहुणे आले की म्हणायचे, घड्याळ छान आहे. आणि चेतना बँकेच्या वतीने हसायची. एक वस्तू हवी होती तिला, एकच, जिच्याकडे बोट करून कुणीतरी विचारावं की हे कुणी आणलं, आणि उत्तर 'चेतनाने' असावं.

मग बाथरूम गळायला लागलं आणि तिला आशा वाटली.

टाइल्स सासऱ्यांनी, म्हणजे धोंडूबाबांनी आणल्या. मुलुंडला त्यांच्या एका जुन्या मिलवाल्या मित्राचा मुलगा बांधकामं घेतो, त्याच्या साइटवर उरलेल्या. त्यावर डॉल्फिन होते. सगळ्या भिंतींना पुरतील एवढे डॉल्फिन नव्हते, म्हणून मधूनच समुद्र संपून बिस्किटाच्या रंगाच्या टाइल्स सुरू होत होत्या, आणि कोपऱ्यात कापाकापी झाल्यामुळे एक डॉल्फिन फक्त शेपटीपुरता होता. दरवाजा सुयोगने आणला. आरसा आत्याने पाठवला. बेसिन तर प्लंबरनेच ठरवलं, कारण त्याला तेच बसवायची सवय होती. चेतना प्रत्येक वेळी तोंड उघडायची आणि प्रत्येक वेळी वस्तू आधीच टेम्पोत असायची.

एका संध्याकाळी बांगड्याचा काटा काढता काढता वनमालाबाई म्हणाल्या, "आता नळ तेवढो तू हाड गो. तुका बरो वाटात तो."

त्यांच्या दृष्टीने हे काम वाटून दिलं होतं, इतकंच. चेतनाने ते शपथविधीसारखं घेतलं.

तिला नळ कसा नको हे पक्कं माहीत होतं. चकचकीत पांढरा, स्टीलच्या रंगाचा नको. अंधेरीला एका विमा कंपनीत ती ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून 'हे नुकसान आधीचंच आहे' असं लिहायचं काम करायची. दिवसभर चेपलेला पत्रा बघून घरी यायचं आणि परत तसल्याच रंगाच्या वस्तूखाली तोंड धुवायचं, हे तिला पटत नव्हतं. तिला उबदार रंग हवा होता. सोनेरीच्या जवळचा, तांब्याच्या ओळखीतला, पण दोघांच्याही घरचा नाही असा. सुयोगला हे तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पिवळा."

"पिवळा नाही रे."

"बरं. म्हणजे पिवळ्यासारखा."

शनिवारी तिघं दुकानात गेली. वनमालाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण खरेदीला निघालेल्या माणसांच्या मागे त्या नेहमीच निघत. चेतनाच्या पिशवीत एक डॉल्फिन होता, रंग जुळतो का ते बघायला. दुकानाचा मालक धवल हा तरुण मुलगा होता आणि नळ विकण्याकडे तो एक साधना म्हणून बघायचा. त्याने मखमली फळीवर एकामागून एक नळ मांडले आणि प्रत्येकाचं नाव असं हळू आवाजात सांगितलं जणू ते झोपलेत. रोज गोल्ड, ब्रश्ड गोल्ड, अँटिक ब्रास, कॉपर. सुयोगने सगळ्यांकडे नीट बघितलं आणि विचारलं की यातला पिवळा कुठला.

वनमालाबाईंची नळ बघायची पद्धत वेगळी होती. त्यांनी एक नळ उचलून तळहातावर तोलला. मग नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला. आयुष्यभर पितळेची भांडी त्यांनी अशीच घेतली होती. आवाज लांबला तर माल चांगला. रोज गोल्डने आवाजच दिला नाही. ब्रश्ड गोल्ड थोडा खोकला. धवल हे सगळं हात जोडून बघत राहिला. त्याच्या दुकानात नळ ऐकणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं.

चेतनाची पद्धत याहूनही वेगळी निघाली, आणि ती तिला स्वतःलाच तिथे उभं राहून सुचली. आधी तिने नळ डॉल्फिनला लावून बघितले. सगळेच वाईट दिसले, पण तो दोष डॉल्फिनचा होता. मग तिच्या लक्षात आलं की नळ काही नुसता कधी दिसत नाही. त्याच्याखाली कायम कुणाचे तरी हात असतात. म्हणून तिने प्रत्येक नळाखाली आपला हात धरला, पाणी नसताना, आणि नळाकडे न बघता हाताकडे बघितलं. स्टीलच्या रंगाच्या क्रोमखाली हात दवाखान्यातल्यासारखा वाटला. रोज गोल्डखाली लग्नाच्या अल्बममधल्यासारखा, म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी. अँटिक ब्रासखाली हात थेट साठीला आला. फळीच्या टोकाला एक नळ उरला होता, खोक्यावर त्याचं नाव 'सनसेट ब्रॉन्झ' होतं. रंग गुळाच्या पाकाचा, तार यायच्या जरा आधीचा. त्याखाली हात धरला आणि तो तिचाच हात होता. फक्त जरा झोप पूर्ण झालेला.

"हा," ती म्हणाली.

वनमालाबाईंनी टिचकी मारली. आवाज लांबला. त्यांनी मान हलवली आणि धवलला विचारलं की यावर नाव घालून मिळतं का. धवल हसला, चेतना हसली, सुयोगही हसला. वनमालाबाई हसल्या नाहीत, पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी प्लंबर दुपारी यायचा होता. चेतना ऑफिसातून परत आली ती सरळ बाथरूममध्येच शिरली. नळ बसवला होता. शेपटीवाल्या डॉल्फिनच्या बाजूला तो असा उभा होता जणू त्याचा या कुटुंबाशी संबंध नाही. ती खूश झाली. मग दिवा लावला आणि जवळ गेली.

नळाच्या उभ्या दांड्यावर, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, भांड्यांच्या दुकानात ती थरथरणारी पेन्सिल घेऊन माणूस बसलेला असतो त्याच्या हातचं लिहिलेलं होतं: 'सौ. वनमाला धोंडू तोंडवळकर'. आडनाव लांब असल्यामुळे मजकूर दांड्याला पूर्ण वळसा घालून आला होता आणि शेवटचा 'र' परत पहिल्या 'सौ.'ला येऊन टेकला होता. पूर्ण वाचायचं तर बेसिनवर एका बाजूने ओणवं होऊन दुसऱ्या बाजूने मान काढावी लागत होती. चेतनाने ते केलं. वाचून झाल्यावर परत एकदा केलं, न जाणो पलीकडे काही वेगळं लिहिलेलं असेल.

बाहेर वनमालाबाई मेथी निवडत होत्या. प्लंबर यायच्या आधी नळ पदराखाली घेऊन त्या भांडीवाल्याकडे गेल्या होत्या. यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं.

"आई, नळ कुठे जाणार आहे?" चेतनाने विचारलं. "तो बेसिनला स्क्रूने बसवलाय."

"भजनी मंडळाचा पातेला तरी खंय जाणार होता?" वनमालाबाई म्हणाल्या.

चेतनाने खालच्या आवाजात विचारलं की नाव घातलं ते घातलं, पण तुमचं का? तेव्हा मात्र वनमालाबाईंचे हात मेथीत थांबले. त्यांनी जरा विचार केला. भांडीवाल्याने विचारलं होतं नाव काय घालू, आणि गेली चाळीस वर्षं या प्रश्नाला त्या जे उत्तर देत आल्या तेच तोंडातून गेलं होतं. दुसरं काही सांगता येतं हे तिथे उभ्या असताना डोक्यात आलंच नव्हतं.

"सवयीन झाला," त्या म्हणाल्या आणि मेथीची एक पूर्ण चांगली जुडी कचऱ्यात टाकली.

चेतना भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, कारण त्या घरात भांडण लवकर मिटतं पण गप्प बसणं कुठे ठेवायचं ते कुणाला कळत नाही. ती दोन दिवस हात धुवायला स्वयंपाकघरात गेली. धोंडूबाबांनी डॉल्फिनचा विषय काढून वातावरण हलकं करून बघितलं. सुयोगने सुचवलं की नावावरून त्याच रंगाचं नेलपॉलिश फिरवू. वनमालाबाईंनी सोलकढी केली, तिला आवडते तशी, जास्त लसूण घालून, आणि वाटी पुढे सरकवली. वाटीवर नाव आत्याचं होतं.

त्यानंतरच्या रविवारी चेतना उशिरा उठली, बाथरूममध्ये गेली, आणि बेसिनला नळ नव्हता. नळाच्या जागी भोक होतं आणि भोकात फडकं कोंबलेलं होतं.

"शकूकडे गेलोहा," वनमालाबाईंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, जणू नळ जरा पाय मोकळे करायला गेलाय. "सांजेक येतलो."

झालं होतं ते असं. भिंतीला भिंत लावून शकुकाकू राहायच्या. महापालिकेच्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, मूळच्या परभणीकडच्या, आणि आवाज असा की इंजेक्शन द्यायच्या आधीच पेशंट बरा व्हावा. त्यांचा मुलगा सम्यक आणि चेंबूरची दिशा यांचं दोघांत सगळं ठरलेलं होतं. आज संध्याकाळी दिशाचे आईवडील घर बघायला येणार होते. सकाळी दिशाने फोन करून सम्यकला सावध केलं की पप्पा जन्मभर हॉटेलांची तपासणी करायच्या नोकरीत होते, अजून ते कुठेही गेले की आधी बेसिन बघतात. माणसं मग. आणि शकुकाकूंच्या बेसिनच्या नळाची मूठ कधीच तुटली होती. शेजारी खिळ्याला दोरीने पक्कड बांधलेली असायची, तिने तो उघडायचा. घरातल्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण सासरे होऊ घातलेल्या माणसाच्या हातात पक्कड देऊन हात धुवा म्हणणं शकुकाकूंना जड गेलं. रविवार असल्यामुळे धवलचं दुकान बंद होतं. त्या वनमालाबाईंकडे आल्या आणि जशी परात मागतात तसा नळ मागितला. वनमालाबाईंनीही जशी परात देतात तसा दिला.

"तू काढून दिलास?" चेतनाने सुयोगला विचारलं.

"पान्याने," सुयोग म्हणाला. त्याला वाटलं प्रश्न अवजाराचा आहे.

चेतना पलंगावर बसली. तिने पसंत केलेली घरातली एकच वस्तू, तिच्यावर नाव दुसऱ्याचं, आणि ती आता तिसऱ्याच्या घरी. विम्याच्या भाषेत याला पूर्ण नुकसान म्हणतात.

संध्याकाळी तोंडवळकरांकडचे सगळे शकुकाकूंकडे गेले, कारण त्या सोसायटीत कुणाकडे पाहुणे येणार म्हणजे शेजाऱ्यांनी अंगावर चांगले कपडे घालून भिंतीला टेकून बसायचं असतं. चेतनाला जायचं नव्हतं. पण नळ तिथे एकटा होता. तिने बाथरूमचं दार दिसेल अशी खुर्ची धरली.

पाहुण्यांची गाडी गल्लीत आली तेव्हा सुयोगने ती मागे घेऊन दिली, येऊ द्या येऊ द्या करत. आत येऊन त्याने हळूच सांगितलं की गाडीच्या मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत 'प्रबुद्ध–श्रुतिका' असं लिहिलंय. शकुकाकूंचा चेहरा उतरला. त्या वनमालाबाईंच्या कानात कुजबुजल्या, म्हणजे त्यांच्या मानाने कुजबुजल्या, खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं, की मुलगी एकुलती एक आहे असं सम्यक म्हणाला होता, मग ही दोन कुठून आली? सम्यक म्हणाला, त्यालाही आत्ताच कळतंय.

शिवदास नावाचे ते गृहस्थ बारीक, नीटनेटके, आणि खिशाला दोन पेनं लावलेले होते. त्यांच्या पत्नी हसतमुख होत्या. दिशाने सगळ्यांना नमस्कार केला आणि सम्यककडे डोळ्यांनी विचारलं, नळ? सम्यकने डोळ्यांनीच सांगितलं, झालाय. शिवदास अजून बसलेही नव्हते. ते म्हणाले, "हात धुवून घेतो."

ते आत गेले. खोलीतलं बोलणं आपोआप थांबलं. पाणी सुरू झालं. पाणी बंद झालं. मग बराच वेळ काहीच नाही. चेतनाला तिच्या खुर्चीवरून दिसत होतं: शिवदास आधी उजवीकडे वाकले, मग डावीकडे, मग बेसिनवर छाती टेकून त्यांनी मान पलीकडे काढली. कुणीतरी त्यांना विहिरीत काय दिसतंय ते बघायला सांगितल्यासारखं. परत पाणी सुरू झालं. परत बंद झालं. रुमालाला हात पुसत ते बाहेर आले आणि दारातच उभे राहिले.

"वनमाला धोंडू तोंडवळकर कोण?" त्यांनी विचारलं.

सम्यकने पंख्याकडे बघितलं. दिशाने सम्यककडे बघितलं. शकुकाकूंनी तोंड उघडलं आणि त्यात दोन उत्तरं एकदम आली. 'माझी मैत्रीण, तिने भेट दिला' हे एक आणि 'आधी बसा, ढोकळा घ्या' हे दुसरं. दोन्हींची दारात टक्कर झाली आणि एकही बाहेर पडलं नाही. जन्मभर तपासण्या केलेल्या माणसापुढे खोटं बोलायचं तर ते आधी ठरवून ठेवायला हवं होतं, आणि एवढं सगळं करून ते मात्र कुणी ठरवलं नव्हतं. नळावरचं नाव वाचायला आजवर फक्त चेतनाच वाकली होती. शकुकाकूंना ते दिसलंच नव्हतं.

"मी," भिंतीला टेकलेल्या वनमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी पदर नीट केला. मग सांगितलं की त्या शेजारच्या, आणि हा नळ त्यांच्या घरचा आहे, आज सकाळी इथे आलाय, सांजेला परत जायचाय. शकुकाकूंनी डोळे मिटले. चेतनाला वाटलं, आता या म्हणणार की माझा नळ आहे, जपून वापरा. तिने मान खाली घातली.

"पण माझो नाय तो," वनमालाबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेन पसंत केलेलो. अख्ख्या दुकानात तिका येकच आवडलो. नाव तेवढा माझा पडला, ता चुकीन."

वनमालाबाई 'चुकीने' असं म्हणाल्या, हे धोंडूबाबांनी संसारात पहिल्यांदाच ऐकलं होतं. ते जरा सरळ बसले.

मग शकुकाकूंनी सगळं सांगून टाकलं. मुठीचं, पकडीचं, बंद दुकानाचं. पक्कड आणून दाखवली सुद्धा, दोरीसकट. म्हणाल्या, आता तुम्हाला जे वाटायचं ते वाटू द्या, पण मुलगा चांगला आहे, तो काही उसना आणलेला नाही.

शिवदास खुर्चीत बसले. त्यांनी पकडीकडे बघितलं, दिशाकडे बघितलं, खिशातलं एक पेन काढून परत लावलं.

"बाहेर गाडी बघितलीत का?" ते म्हणाले.

सगळे म्हणाले, बघितली.

"प्रबुद्ध आणि श्रुतिका ही आमच्या शेजाऱ्यांची मुलं," शिवदास म्हणाले. "त्यांची गाडी आहे. आमच्याकडे स्कूटर आहे. तिच्यावर 'दिशा' आहे."

दिशाने कपाळाला हात लावला. शिवदासांच्या पत्नी म्हणाल्या, मी म्हटलं होतं रिक्षाने जाऊ, काचेवर वर्तमानपत्र लावू म्हटलं तर हे म्हणाले तसं बरं दिसत नाही. पहिलं हसू शकुकाकूंचं फुटलं, आणि ते असं की पलीकडच्या गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला. त्यानंतर कुणी कुणाला आवरण्यात अर्थ नव्हता. सम्यकने ढोकळ्याची बशी फिरवली. बशीखाली नाव तोंडवळकरांचं होतं, पण आता त्याचं कुणाला काही नव्हतं.

हसणं ओसरलं तेव्हा शिवदास म्हणाले, "सून कोण?"

चेतनाने शाळेत करतात तसा हात वर केला.

"हा रंग तुम्ही का घेतला?"

प्रश्न साधा होता. चेतना सहा वर्षं त्याची वाट बघत होती आणि आता तो आला तर तिची तयारीच नव्हती. ती म्हणाली, "नळ एकटा कधी दिसत नाही ना. त्याच्याखाली हात असतात. म्हणून मी नळ नाही बघितला. हात बघितला."

शिवदासांनी बाथरूमच्या दाराकडे बघितलं. "तरीच," ते म्हणाले. "आधी नाव वाचलं. ते वाचून झाल्यावर परत पाणी सोडलं, तर हातांकडे लक्ष गेलं. एवढ्या बेसिनांमध्ये हात धुतले जन्मभर, पण स्वतःचे हात बरे आहेत असं पहिल्यांदा वाटलं."

त्यांच्या पत्नी लगेच उठल्या आणि म्हणाल्या, मलाही बघू द्या. त्यांच्या मागे दिशा उठली. मग सम्यक, मग सुयोग, आणि धोंडूबाबाही. शकुकाकूंच्या छोट्याशा घरात बाथरूमच्या दारापासून गॅसपर्यंत रांग लागली. स्वच्छ हातांची माणसं हात धुवायला उभी. जो बाहेर यायचा तो तळहात पुढे धरून यायचा, मेंदी काढल्यासारखा. सुयोग आला आणि हात उलटसुलट करत चेतनाला म्हणाला, "पिवळा नाहीये गं हा."

"मी काय म्हणत होते."

शेवटी वनमालाबाई गेल्या. गेला आठवडाभर त्या याच नळाखाली हात धुत होत्या, पण काही घासताना माणूस आपले हात बघत नाही. त्या आत जरा जास्तच रमल्या. बाहेर आल्या, आपल्या जागी भिंतीला टेकल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसल्या. मालवणी बाई काही बोलत नाही तेव्हा काहीतरी चालू असतं.

लग्न त्याच बैठकीत ठरलं. शिवदासांनी एकच अट घातली, की दिशा या घरात यायच्या आधी इथे असाच नळ बसलेला हवा आणि पक्कड मात्र तशीच राहू द्यावी, खिळ्याला, आठवण म्हणून. निघताना सुयोगने प्रबुद्ध–श्रुतिकाची गाडी काढून दिली. नळ रात्रीच्या जेवणाआधी घरी आला, पंच्यात गुंडाळून. त्याच्यावर नाव होतं, तेव्हा तो येणारच होता.

पण सोमवारी सकाळी बेसिनला परत भोक आणि फडकं. चेतनाला ऑफिसला उशीर होत होता. तिने स्वयंपाकघरात दात घासले आणि विचारलं नाही.

संध्याकाळी ती आली तेव्हा नळ जागेवर होता. वनमालाबाई नारळ खवत होत्या, पाठ करून, कान मागे ठेवून. चेतनाने दिवा लावला. दांड्यावर वनमाला धोंडू तोंडवळकर पहिल्यासारख्याच वळसा घालून उभ्या होत्या. दांड्यावर आता जागाच उरली नव्हती. म्हणून भांडीवाल्याने मुठीवर काम केलं होतं, बरोबर मधोमध, जिथे कुणाचाही हात सगळ्यात आधी पडणार. वाकावं लागत नव्हतं, मान काढावी लागत नव्हती. समोरच होतं:

'पसंती : चेतना'

मागून धोंडूबाबांनी हकीकत सांगितली, कारण सोबतीला ते गेले होते. भांडीवाल्याने विचारलं होतं, हे कुणाच्या स्मरणार्थ का, आधी कै. घालू? वनमालाबाई त्याला म्हणाल्या होत्या, "जिती आसा ती. ऑफिसात गेली." मग तो म्हणाला, पसंती असं आजवर कुणी घातलेलं नाही, सप्रेम भेट घालतात. तेव्हा त्या म्हणाल्या, भेट नाय, पसंतीच घाल, आणि तो घालेपर्यंत समोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. त्याने दोनदा वेलांटीचा घोटाळा करायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनी टिचकी मारून थांबवला.

एवढं सांगून धोंडूबाबा टाइल्ससमोर जाऊन उभे राहिले आणि शेपटीवाल्या डॉल्फिनकडे विचारपूर्वक बघू लागले. सुयोगने बाहेरून विचारलं की लाकडावर पण नाव घालता येतं का, दरवाजा त्याने आणलाय.

चेतना मुठीवर वाकली. सवयीने तिने ठिपके व्यवसायाच्या नजरेने तपासले, खोली, कड, चकाकी. ओरखडा ताजा होता. आजचाच होता. आधीचं काहीच नव्हतं.

तिने हात धुतले. पुसले. मग परत धुतले.

"पाणी जाता हां," वनमालाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"बघतेय मी," चेतना म्हणाली आणि बघत राहिली.